सोळा ते अठरा: मुलांच्या हाती गाडी देण्याआधी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं (नाशिकच्या पालकांसाठी)

अकरावीला प्रवेश झाला, घर इंदिरानगरला आणि क्लास कॉलेज रोडला, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. "सोळा पूर्ण झालेत, बिनगियरची गाडी चालते की. लायसन्स काढून टाकू आणि घरची ॲक्टिवा देऊ." शेजारी, नातेवाईक आणि गल्लीतला एजंटही हेच सांगतो. ही समजूत चुकीची आहे. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स सगळ्या बिनगियरच्या गाड्यांसाठी नसतं. ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी असतं. ॲक्टिवाचं इंजिन जवळजवळ ११० सीसीचं आहे, ॲक्सेसचं सुमारे १२५ आणि स्कूटी पेपचंसुद्धा ५० च्या बरंच वर. म्हणजे खिशात लायसन्स असूनही तुमचा मुलगा किंवा मुलगी कायद्याच्या नजरेत विनापरवानाच गाडी चालवत असते.

बाकीच्या बहुतेक चुका या एका गैरसमजातून सुरू होतात. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. आधी वय, मग गाडी आणि त्यानंतर लायसन्सचा अर्ज. बहुतेक घरांत हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

## टप्पा १: वय आणि वाहनाचा वर्ग जुळवून बघा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ मध्ये वयाची अट दिली आहे.

१६ वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक जागी कोणतंही मोटार वाहन चालवायचं नाही. पालक मागे बसले असले तरी नाही.

१६ पूर्ण झाल्यावर ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालते, तीही लायसन्स काढूनच. अर्जासाठी आई, वडील किंवा पालकाची लेखी संमती लागते.

१८ पूर्ण झाल्यावर बिनगियर आणि गियरची कोणतीही दुचाकी, तसंच कार.

२० पूर्ण झाल्यावर प्रवासी किंवा मालवाहतुकीचं वाहन. अठराव्या वर्षी रिक्षा किंवा छोटा टेम्पो चालवून घराला हातभार लावायचा विचार असेल, तर हा आकडा आधी लक्षात घ्या.

"पूर्ण" म्हणजे वाढदिवस झालेला. सतरा वर्षं अकरा महिने झालेल्या मुलाचा कारच्या लर्निंगसाठीचा अर्ज चालत नाही. महिनाभर आधी लर्निंग काढून वाढदिवसाला पक्कं लायसन्स हातात घ्यायचं, असा हिशोब अनेक जण मांडतात. तो जुळत नाही, कारण लर्निंगलाही वयाची तीच अट आहे.

आता "सार्वजनिक जागा" म्हणजे काय, यावरही बरेच जण फसतात. लोकांना जायला-यायला हक्क असलेली कोणतीही जागा यात मोडते, मग ती मुख्य रस्त्यावर असो वा नसो. पाथर्डी फाट्याच्या नव्या लेआउटमधले मोकळे रस्ते, मखमलाबादचे कॉलनी रस्ते, धरणाकडे जाणारा रस्ता हे सगळं त्यात आलं. "इथे कोण बघतंय" म्हणून रविवारी पहाटे पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती कार देणं हा गुन्हाच आहे.

इशारा, ग्रामीण भागासाठी: ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात पिंपळगाव किंवा लासलगावच्या रस्त्याला सोळा-सतरा वर्षांची मुलं ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर हाकताना दिसतात. स्वतःच्या शेतात बांधाच्या आत चालवणं वेगळं. बांध ओलांडून डांबरी रस्त्याला लागलं की १८ वर्षं आणि लायसन्स, दोन्ही लागतात.

## टप्पा २: सोळा ते अठरामध्ये नेमकी कोणती गाडी चालते ते बघा

पेट्रोलवर चालणारी, ५० सीसीच्या आतली नवीन गाडी आज नेहमीच्या शोरूममध्ये मिळत नाही. एके काळी ५० सीसीची लुना घरोघरी होती. सोळा वर्षांची सवलत त्या काळातल्या गाड्यांना धरून बसते. गाड्या गेल्या आणि सवलत कागदावर उरली.

कुणाच्या घरी अजून चालू स्थितीतली लुना असेल तर तिचं आरसी बुक काढा आणि घनक्षमतेच्या रकान्यातला आकडा वाचा. गाडीच्या नावावर जाऊ नका. जुन्या मोपेडमध्ये ६० आणि ७० सीसीच्याही पुष्कळ होत्या आणि त्या सवलतीत बसत नाहीत. शिवाय नोंदणीला १५ वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू लागते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांप्रमाणे तिलाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते. एवढा खर्च आणि खटाटोप केल्यावर दोन वर्षांसाठी तीस-चाळीस वर्षं जुनी, जुन्या ब्रेकची गाडी मुलाच्या हाती येणार. माझं स्पष्ट मत असं की ज्या घरात खरोखर अशी गाडी आहे आणि तिची देखभाल करणारं कुणी आहे, ते घर सोडलं तर सोळाव्या वर्षी लायसन्सच्या मागे लागू नये.

दुसरा पर्याय कमी वेगाच्या इलेक्ट्रिक दुचाकीचा. गोंधळ इथेच सगळ्यात जास्त आहे, त्यामुळे नीट वाचा.

मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. या तिन्ही अटी पाळणारी आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसं प्रमाणपत्र दिलेली दुचाकी केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. पायडल मारत चालणाऱ्या ई-सायकलीही अशाच अटींवर या गटात येतात.

तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. दुकानात जाल तेव्हा हा क्रम ठेवा:

१. त्या मॉडेलच्या चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागा. एआरएआय किंवा आयकॅटसारख्या संस्थेचं नाव आणि मॉडेलचं नाव त्यावर असतं. "कंपनीकडे आहे, नंतर पाठवतो" म्हणाले तर दुकानातून बाहेर पडा.

२. प्रमाणपत्रावरचं मॉडेल आणि समोरची गाडी एकच आहे का ते पाहा. मोटरवरची पट्टी वाचा. तिथे २५० पेक्षा मोठा आकडा असेल तर ती गाडी या गटातली नाही.

३. बिलावर मॉडेल, मोटरची शक्ती आणि कमाल वेग लिहून घ्या. उद्या रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर बिल आणि प्रमाणपत्र हेच तुमचे कागद.

४. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर आहे का, दोन्ही ब्रेक धरतात का, ते स्वतः बघा.

इशारा: "साहेब, एक वायर काढली की पंचेचाळीसला पळते." हे वाक्य ऐकू आलं की व्यवहार थांबवा. वेग वाढवला की गाडी मोटार वाहन ठरते. मग तिला नोंदणी नाही, विमा नाही आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही, असे तीन गुन्हे एकदम लागतात. दुकानदार मात्र तेव्हा तुमच्या बाजूला उभा नसतो. मुलंही हा उद्योग मित्रांकडून परस्पर करून घेतात. म्हणून महिन्यातून एकदा गाडी स्वतः चालवून काटा कुठवर जातो ते बघत जा.

आणखी एक. या गाडीला विमा सक्तीचा नाही, म्हणजे तिच्या धक्क्याने कुणी म्हातारं माणूस पडलं तर दवाखान्याचा खर्च तुमच्या खिशातून जाईल. हेल्मेट तर हवंच. डोकं फुटायला पंचवीसचा वेग पुष्कळ झाला. द्वारका चौक, मुंबई नाका आणि आग्रा महामार्गाला लागून जाणारे सर्व्हिस रोड या गाडीसाठी नाहीत. तिथे बस आणि ट्रक अंगावर येतात आणि ताशी पंचवीसच्या वेगात त्यांच्या वाटेतून पटकन बाजूलाही होता येत नाही.

नंबर प्लेट असलेल्या मोठ्या इलेक्ट्रिक स्कूटर, म्हणजे चेतक, एथर, ओला आणि तशाच इतर, यांचा वरच्या सवलतीशी काही संबंध नाही. इलेक्ट्रिक आहे म्हणून लायसन्स नको, हा समज इतका पसरला आहे की शिकलेली माणसंही बोलून जातात. नंबर प्लेट लागते त्या गाडीला लायसन्स लागतं, आणि कायद्यातली सोळा वर्षांची सवलत ५० सीसीच्या इंजिनापुरती लिहिलेली आहे. या स्कूटर अठरानंतरच द्या.

या दोन्हींपैकी काही जमत नसेल तर अठरापर्यंत सायकल आणि सिटीलिंक. विद्यार्थी पास मिळतो. निमाणी, शालिमार, नाशिकरोड या बाजूंनी बसची सोय बरी आहे. अडचण रात्री उशिरा सुटणाऱ्या क्लासची असते. तिथे चार घरांनी मिळून रिक्षा ठरवणं किंवा पालकांनी पाळ्या लावून घेणं हे मी अनेक सोसायट्यांत चाललेलं पाहिलं आहे आणि ते टिकतं. क्लास निवडतानाच घरापासूनचं अंतर मोजलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

## टप्पा ३: चावी देण्याआधी कलम १९९ए समजून घ्या

२०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आलं आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं. तरीही "पकडलं तर पाचशे-हजार भरू" हीच भाषा घरात चालते. या कलमाखाली काय होतं ते एकदा सगळ्यांनी बसून वाचा.

अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत ना लर्निंग मिळतं, ना पक्कं लायसन्स.

मला यातला शेवटचा भाग सगळ्यात जड वाटतो. दंड भरला जातो, गाडी वर्षभर उभी राहते. पण अठरा ते पंचवीस ही शिक्षणाची आणि पहिल्या नोकरीची वर्षं. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी असो, औषध कंपनीची फिरती असो किंवा डिलिव्हरीचं काम असो, लायसन्स नसलेल्या तरुणाला दारातूनच परत पाठवतात. पालकांनी दोन वर्षांची सोय बघितलेली असते आणि मुलाची सात वर्षं अडकतात.

आता पळवाटा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी.

"आम्हाला न विचारता नेली." हा बचाव कायद्यात आहे, पण तो सिद्ध तुम्ही करायचा असतो. मुलाने गाडी तुमच्या संमतीने घेतली, असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. चावी दाराजवळच्या खिळ्याला आणि मुलगा रोज त्याच गाडीवर जाताना गल्लीने पाहिलेला, अशा वेळी हा बचाव उभा राहणं कठीण.

"गाडी आमची नाही, मामाची आहे." मग मामा अडचणीत. मालक म्हणून जबाबदारी त्याच्यावर येते आणि नोंदणी त्याच्या गाडीची रद्द होते. लग्नसराईत आणि गणपतीत भाचे-पुतणे "पाच मिनिटांत आलो" म्हणून चावी मागतात, तेव्हा नाही म्हणणं हेच मामाच्या आणि भाच्याच्या दोघांच्याही भल्याचं.

"लायसन्स आहे ना त्याच्याकडे." लायसन्सधारक अल्पवयीनाला या कलमातून सूट आहे, पण तो लायसन्सवर लिहिलेल्या वर्गाचीच गाडी चालवत असेल तर. ५० सीसीच्या लायसन्सवर ॲक्टिवा चालवली की ही सूट गेली.

याशिवाय लायसन्स नसताना चालवल्याबद्दल कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. विनापरवाना माणसाला गाडी दिल्याबद्दल मालकाला कलम १८० खाली तेवढीच शिक्षा वेगळी. विम्याचंही तसंच. लायसन्स नसलेल्या चालकाच्या अपघातात स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाते. समोरच्या जखमी माणसाला विमा कंपनीने पैसे दिले तरी ती रक्कम पुढे गाडीमालकाकडून वसूल करता येते. ही रक्कम लाखांत जाऊ शकते.

तपासा: घरातल्या प्रत्येक गाडीची चावी आज कुठे आहे? ती मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी असेल तर आत्ताच जागा बदला.

## टप्पा ४: कागद अर्जाच्या आधी जुळवा

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावाच्या आणि जन्मतारखेच्या फरकामुळे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर आद्याक्षर, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन, आधारवर नुसतं जन्मवर्ष. अशा चुका अर्ज भरताना कळल्या तर दुरुस्तीत आठवडे जातात. म्हणून वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी हे करा:

- आधार, दहावीची सनद, जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षर अक्षर ताडून बघा.
- आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे का? बऱ्याच मुलांच्या आधारला आजोबांचा बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. ओटीपी आलाच नाही तर घरबसल्या अर्ज पुढे सरकत नाही.
- रक्तगट माहीत नसेल तर तपासून घ्या, अर्जात विचारतात.
- डोळे तपासा. नमुना १ मध्ये प्रकृतीचं स्वयंघोषणापत्र असतं. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, असा प्रश्न आहे. घराबाहेर पंचवीस मीटर मोजून मुलाला खरोखर प्लेट वाचायला लावा. दहावी-बारावीत चष्म्याचा नंबर वाढलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

१८ च्या आतला अर्ज असेल तर संमतीवर सही करणाऱ्या पालकाने मूळ ओळखपत्र घेऊन मुलासोबत पेठ रोडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात स्वतः जावं. मोठ्या भावाला किंवा काकाला पाठवू नका.

## टप्पा ५: लर्निंगचा अर्ज आणि परीक्षा

अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर होतो. पत्त्याच्या शेवटी सरकारी "गव्ह डॉट इन" आहे याची खात्री करा, कारण शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींत सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट असतात आणि त्या जास्तीचे पैसे घेतात.

१८ पूर्ण असलेल्यांनी वर्ग निवडताना घाई करू नये. गियरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन असे दोन वर्ग एकाच अर्जात घ्या. गियरच्या दुचाकीचं लायसन्स असलं की बिनगियरची चालवता येते, उलट नाही. फक्त बिनगियर निवडून नंतर पुन्हा सगळी प्रक्रिया करणारे दर वर्षी दिसतात. पण गियरची निवड केली तर ट्रायलही गियरच्या गाडीवरच द्यावी लागते, हे मुलाला आत्ताच सांगा.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेची ५० रुपये. पुढे ट्रायलचे प्रत्येक वर्गाला ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. टपाल आणि सेवा शुल्क वेगळं. एजंट काय मागतो आणि सरकारात काय जातं, हे या आकड्यांवरून तुम्हालाच ताडता येईल.

आधार पडताळणीने १८ वरच्या अर्जदाराला परीक्षा घरी बसून देता येते. आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते, मग १५ प्रश्न येतात आणि त्यातले ९ बरोबर लागतात. इथे होणारी चूक अशी की "घरीच आहे" म्हणून वडील शेजारी बसून उत्तरं सांगतात. असं करू नका. मुलाला चिन्हं येत नसतील तर तो परीक्षेत नापास झालेला बरा, सीबीएसच्या चौकात नको. लाल वर्तुळातली चिन्हं आदेशाची, लाल त्रिकोणातली धोक्याची, निळ्या चौकोनातली माहितीची. या तीन गटांत पाठ केली तर दोन संध्याकाळी पुरतात.

लर्निंग सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्ससाठी ते मिळाल्यापासून ३० दिवस थांबावं लागतं. म्हणजे ट्रायलसाठी मधले पाच महिने हातात असतात. बारावीच्या किंवा प्रवेश परीक्षांच्या आधी लर्निंग काढून ठेवणाऱ्यांचं हमखास एकच होतं. परीक्षा, निकाल, प्रवेश यात सहा महिने उलटतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुढचे दोन महिने मोकळे असतील तेव्हाच लर्निंग काढा.

## टप्पा ६: लर्निंगवरचा सराव

लर्निंग म्हणजे शिकण्याची परवानगी. रोज क्लासला एकट्याने जाण्याची नव्हे. नियम असा की सोबत पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा हवा. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल "एल" हवा. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच. वहीच्या पानावर स्केचपेनने काढलेला एल चालत नाही. दुचाकीवर मागे फक्त शिकवणाराच बसू शकतो. मित्र किंवा धाकटी बहीण नाही.

सराव कोणत्या क्रमाने करायचा, यात फार फरक पडतो. पहिले काही दिवस फक्त थांबायला शिकवा. दोन्ही ब्रेक एकत्र, ओल्या रस्त्यावर, उतारावर, वाळू पसरलेल्या कडेवर. मुलांना पळवता पटकन येतं. थांबवणं मात्र शिकवावं लागतं. मग अगदी सावकाश, पाय न टेकता सरळ रेषेत चालवणं. त्यानंतर आरसे आणि वळण्याआधी मान वळवून मागे बघणं. इंडिकेटर देणं आणि नंतर तो आठवणीने बंद करणं. सगळ्यात शेवटी रहदारी.

जागा निवडताना सकाळी सहा-साडेसहाला, नव्या लेआउटमधले रुंद पण कमी वर्दळीचे रस्ते घ्या. तिथे हात बसला की दुपारच्या वेळी गंगापूर रोडचे आतले रस्ते. मग कॅनडा कॉर्नर, अशोक स्तंभ, रविवार कारंजा. द्वारका शेवटी, तेही तुम्ही मागे बसलेले असताना. मुलगा द्वारकेला न गोंधळता योग्य लेन धरून बाहेर पडला, की समजा तयारी झाली.

पावसाळ्यात शिकवायला टाळाटाळ करू नका. नाशिकचे चार महिने पावसाचे. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, खड्डे पाण्याखाली जातात. हे मुलाने तुमच्या देखत अनुभवलेलं बरं.

तपासा: लर्निंगची मूळ प्रत सोबत, विमा आणि पीयूसी चालू, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. यातलं एक नसेल तर त्या दिवशी सराव नाही.

## टप्पा ७: ट्रायल

अपॉइंटमेंट ३० दिवस भरायच्या आतच बघून ठेवा. सुट्टीच्या हंगामात तारखा लांबतात. जाताना लर्निंग, मूळ कागद, हेल्मेट आणि ज्या वर्गाची ट्रायल आहे त्याच वर्गाची गाडी. तिचं आरसी, विमा, पीयूसी त्या दिवशी चालू हवं. आदल्या रात्री पीयूसीची तारीख बघितली नाही म्हणून लोक फाटकातून परततात.

दुचाकीला बहुतेक वेळा आठ काढायला लावतात. चुकतात ती मुलं सहसा वेगामुळे नाही, नजरेमुळे चुकतात. पुढच्या चाकाकडे बघत राहिलं की तोल जातो. जिकडे वळायचं तिकडे बघायचं, मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा, पाय टेकवायचा नाही. घराजवळ चुन्याने आठ आखून तो सलग जमेपर्यंत काढा. हाताचे इशारेही विचारतात आणि मुलं इंडिकेटरच्या भरवशावर ते विसरलेली असतात. कारसाठी ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी मिळत असेल तर ट्रायलच्या आधी त्याच गाडीवर हात बसवून घ्या, कारण क्लच प्रत्येक गाडीचा वेगळा असतो.

नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं. म्हणून लर्निंगची मुदत संपत आलेली असताना पहिली ट्रायल देऊ नका.

इशारा: "आमच्या स्कूलचं प्रमाणपत्र घेतलं की ट्रायल लागत नाही" असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. ट्रायलमधून सूट फक्त सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांच्या प्रमाणपत्राला आहे, आणि त्यांचे निकष वेगळे व कडक आहेत. गल्लीतल्या नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलला ती सूट नाही.

## टप्पा ८: लायसन्स आल्यावर पहिली गाडी

कार्ड टपालाने येतं. तोवर आणि नंतरही डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत ग्राह्य धरतात.

पहिली गाडी म्हणून मी ११० ते १२५ सीसीची बिनगियर स्कूटर सुचवीन. २०० सीसीच्या बाइकचा हट्ट सगळी मुलं धरतात. तो किमान वर्षभर पुढे ढकला. मूल सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का आणि गाडी एकट्याने मेन स्टँडवर चढते का, एवढं शोरूममध्ये बघा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत एकत्रित ब्रेक (एक दाबला की दोन्ही चाकांना लागणारा) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे. म्हणून सेकंड हँड घेत असाल तर शक्यतो त्यानंतरची घ्या.

सेकंड हँड घेताना एमपरिवहनवर नंबर टाकून मालकाचं नाव, विम्याची तारीख, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. चासी नंबर आरसीशी ताडा. गाडी नावावर करण्याच्या अर्जांवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका आणि नाव बदलायचा अर्ज ३० दिवसांच्या आत करा. "नंतर करू" म्हणून राहिलेल्या गाड्यांची चलनं जुन्या मालकाला जातात आणि भांडणं होतात.

हेल्मेट गाडीसोबत फुकट मिळालेलं नको. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असलेलं, मुलाच्या डोक्यावर घालून बघून घेतलेलं हवं. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ओढा. निघालं तर माप मोठं आहे. हेल्मेट नसेल तर कायद्यात १,००० रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. ट्रिपल सीटलाही तेवढंच. नव्याकोऱ्या लायसन्सचे पहिले तीन महिने असे घालवणारी मुलं कॉलेज रोडला कमी नाहीत. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं हेल्मेट त्याच दिवशी घ्या.

सोळाव्या वर्षी ५० सीसीचं लायसन्स काढलेलं असेल तर ते अठराव्या वाढदिवसाला आपोआप मोठं होत नाही. नवा वर्ग जोडण्याचा अर्ज, त्या वर्गाचं लर्निंग, ३० दिवस आणि ट्रायल हे सगळं पुन्हा करावं लागतं. ते होऊन नवा वर्ग कार्डावर छापून येईपर्यंत घरची ॲक्टिवा त्याने चालवायची नाही.